गळक्या छपराची वंशावळ

जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या कोपऱ्यावर, जिथे बाजूचा पत्रा पुढच्या पत्र्याला भिडतो तिथे, ॲल्युमिनियमची एक अरुंद पट्टी असते. तिचे स्क्रू काढले की वाळून दगड झालेली पुट्टी निघते आणि पुट्टीमागच्या लाकडावर एक काळी रेघ दिसते. छपराच्या कडेपासून सुरू झालेली, खिडकीच्या कोपऱ्यापाशी रुंदावलेली आणि तळाच्या लाकडापर्यंत पोचताना त्याचा भुगा करून टाकलेली. ही पाण्याची वाट. दुरुस्तीला हात घालणारा माणूस सगळ्यात आधी ती वाचायला शिकतो.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचं छोटं घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, पण आत पलंग असतो, शेगडी असते, बेसिन आणि कपाटं असतात. अमेरिकेत आणि कॅनडात पन्नास-साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे असे ट्रेलर शेतांच्या कडेला, कोठारांच्या मागे, झाडांखाली अजून सापडतात. ते स्वस्तात विकत घ्यायचे, पार सांगाड्यापर्यंत उघडायचे आणि स्वतःच्या हातांनी पुन्हा रस्त्यावर आणायचे, हे तिथे अनेक जण मनापासून करतात. बघणाऱ्याला तो निवृत्तीनंतरचा छंद वाटतो, फार तर जुन्या दिवसांची ओढ. मला हे पटत नाही. या वस्तूचा माग काढत मागे गेलं की दिसतं ते असं: ट्रेलर जन्मला घरामागच्या अंगणात, कारखान्यात तो नंतर गेला. आणि त्याची जवळजवळ प्रत्येक पिढी म्हणजे आधीच्या पिढीच्या गळतीवर शोधलेला उपाय आहे. आज पत्रा उघडून बसलेला माणूस त्याच मूळच्या कामाला लागलेला असतो.

वंशावळीची सुरुवात सहसा इंग्लंडमधून सांगतात. १८८५ साली ब्रिस्टलच्या एका वॅगन-कारखान्याने डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी बांधली. स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातले निवृत्त शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. रोमा लोकांची चाकांवरची घरं पाहून त्यांना ही कल्पना सुचली. रोमांची भाषा आपल्याच भारतीय-आर्य कुळातली. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले. म्हणजे या घराण्याच्या मुळाशी आपल्याकडून निघालेल्या एका भटक्या समाजाचा धागा आहे. स्टेबल्स यांची गाडी अठरा फुटी होती, महोगनीची, बग्गीइतकीच देखणी. दोन घोडे, एक गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट असा परिवार घेऊन ते इंग्लंडच्या दक्षिणेतल्या ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं.

निव्वळ हौसेसाठी चाकांवरच्या घरात राहण्याची रीत इथून सुरू झाली, हे मान्य. पण ‘वाँडरर’ बांधली निष्णात कारागिरांनी, आणि तिचं काही बिघडलं असतं तर दुरुस्तही त्यांनीच केली असती. मालकाने हातात करवत घेण्याची रीत या शाखेतून आलेली नाही. ती आली फोर्डच्या मॉडेल टी गाडीतून.

१९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटीहून जास्त विकल्या गेल्या. गाडी साधी, भाग थोडे, आणि रस्ते इतके वाईट की दुरुस्ती यायलाच हवी. गावातला शेतकरी, शिक्षक, दुकानदार पाना-पक्कड घेऊन गाडीखाली शिरू लागला. शहराबाहेर गेलं तर मुक्कामाला जागा नसायची, म्हणून लोकांनी गाडीच्या पायदानाला तंबू बांधले, मागच्या बाजूला पेट्या ठोकल्या, मोडक्या गाडीचा ॲक्सल काढून त्यावर फळ्यांची खोली उभी केली. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे अशा लोकांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना काढली. रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा रिकामा डबा ही त्यांची खूण. रस्त्यात तो डबा दिसला की समजायचं, हा आपला माणूस. अडला असेल तर थांबून मदत करायची. या लोकांचे ट्रेलर कुठल्याही कंपनीने बनवलेले नव्हते. बनवणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा एकच माणूस होता.

पुढची कडी पावसात तयार झाली. डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन कुटुंबाला घेऊन सहलीला निघाले होते. त्यांनी विकत घेतलेला तंबूचा ट्रेलर काही मिनिटांत उभा राहतो, असा विकणाऱ्याचा दावा होता. वाटेत पाऊस आला, तंबू काही धड उभा राहिना आणि सगळे चिंब भिजले. शर्मननी ठरवलं की कापड नकोच. १९२९ साली त्यांनी एका सुताराकडून सहा फूट रुंद, नऊ फूट लांब अशी बंद खोली बांधून घेतली. भिंती मॅसोनाइटच्या. आत छोटी कपाटं, शेगडी, दोन्ही बाजूंना झोपायच्या जागा. मुलांनी गाडीला नाव दिलं ‘कव्हर्ड वॅगन’, पश्चिमेकडे निघालेल्या जुन्या वसाहतवाल्यांच्या बैलगाड्यांवरून. रस्त्यात जो तो थांबून चौकशी करू लागला, तेव्हा शर्मननी आणखी काही ट्रेलर बांधले आणि १९३० च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात मांडले. १९३६ पर्यंत त्यांची कंपनी अमेरिकेतली सगळ्यात मोठी ट्रेलर-कंपनी झाली होती.

इथे मॅसोनाइटपाशी जरा थांबायला हवं. मिसिसिपीतल्या लॉरेल गावी विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये हा तक्ता शोधून काढला. लाकडाचे तुकडे उच्च दाबाच्या वाफेत ठेवून दाब एकदम सोडायचा, तुकडे फुटून त्यांचे तंतू होतात, आणि ते तंतू दाबून गुळगुळीत तक्ता बनवायचा. गिरणीत लाकडाचा जो चुरा वाया जायचा त्याचा असा उपयोग झाला. तक्ता स्वस्त, हलका, सहज वाकणारा. पण कडेने पाणी शिरलं की तो फुगतो, आणि एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. म्हणजे पावसाला कंटाळलेल्या माणसाने जे घर बांधलं, त्याच्या भिंतीच पाण्याला कच्च्या होत्या. त्या काळचे मॅसोनाइटचे ट्रेलर आज फार थोडे उरलेत ते याच कारणाने, आणि जे उरलेत त्यांच्या भिंती बहुतेक वेळा कुणी ना कुणी नव्याने केलेल्या असतात.

याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये वॉली बायम नावाचा एक गृहस्थ मासिकं काढत असे. जन्म १८९६ चा, ओरेगन राज्यातला. पत्नी मॅरियनला जमिनीवर, तंबूत, स्वयंपाकघराशिवाय मुक्काम करणं मुळीच आवडेना. बायमने मॉडेल टीच्या चासीवर एक बांधणी केली, मग ती सुधारली, आणि हा ट्रेलर घरी कसा बांधायचा यावर लेख लिहिला. वाचकांनी आराखडे मागायला सुरुवात केली. थोडक्या पैशांत टपालाने आराखडे पाठवणं हाच धंदा झाला. मग काहींनी सांगितलं की आराखडा नको, तयारच करून द्या. तेव्हा घरामागच्या अंगणात बांधकाम सुरू झालं. १९३१ मध्ये यातूनच एअरस्ट्रीम ही कंपनी उभी राहिली.

मला या गोष्टीचं महत्त्व फार वाटतं. आज जगातला सर्वांत प्रसिद्ध ट्रेलर ज्या कंपनीचा, तिने ट्रेलर विकण्याआधी ट्रेलर बांधण्याची रीत विकली. मंदीच्या त्या दशकात पॉप्युलर मेकॅनिक्ससारखी मासिकं ट्रेलरचे आराखडे छापत होती, आणि नोकरी गेलेले, गावोगाव कामाच्या शोधात फिरणारे लोक ते पाहून घरं बांधत होते. अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन यांनी तर वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील असं भाकीत करून टाकलं. ते खरं ठरलं नाही. पण १९३० च्या दशकातला ट्रेलर हातात आला तर तो कुठल्या कंपनीचा हे विचारण्याआधी, तो कंपनीचा आहे की घरचा, हे विचारावं लागतं ते त्यामुळेच. मध्येच एखादी फळी वेगळ्या जातीच्या लाकडाची निघते, एखादा कोपरा नव्वद अंशांत बसत नाही.

दुसरा धागा विमानांचा. हॉली बोलस हा ग्लायडर बनवणारा माणूस. लिंडबर्गने ज्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमानातून अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर त्याची देखरेख होती. १९३४ मध्ये त्याने ॲल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ हा ट्रेलर बनवला. आत हलका सांगाडा, वर विमानासारखे रिव्हेट मारलेले पत्रे, आणि दार समोर, जोडणीच्या दांड्याच्या वर. बोलसचा धंदा टिकला नाही. त्याच्याकडे विक्रीचं काम केलेल्या बायमने त्याच बेताचा, पण दार बाजूला असलेला ‘क्लिपर’ १९३६ च्या जानेवारीत बाजारात आणला. किंमत १,२०० डॉलर, त्या दिवसांत फार मोठी. युद्ध सुरू झालं तसं ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं, एअरस्ट्रीम बंद पडली आणि बायम स्वतः विमान कारखान्यांत कामाला लागला. १९४८ मध्ये कंपनी पुन्हा सुरू झाली, तेव्हा रिव्हेटची विद्या आणखी पक्की होऊन आली होती.

ही विद्या दुरुस्त करणाऱ्याला आजही जशीच्या तशी शिकावी लागते. भरीव रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरच्याच्या हातात हवेवर चालणारी हातोडी, आतल्याच्या हातात लोखंडाचा जड ठोकळा. बाहेरून ठोका बसतो तसं आतलं टोक ठोकळ्यावर चपटं होतं. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, सगळं आवाजावर आणि सवयीवर चालतं. आणि आत ठोकळा धरायचा तर आतला पत्रा आधी उतरवावा लागतो, त्यासाठी कपाटं काढावी लागतात, कपाटांसाठी पलंग. एक रिव्हेट बदलायला निघालेला माणूस अख्खं घर रिकामं करून बसतो, यात त्याची काहीच चूक नसते. बांधणीच तशी आहे.

एअरस्ट्रीमचं खरं दुखणं मात्र पत्र्यात नसून पायाशी असतं. खाली पोलादी चासी, तिच्यावर प्लायवूडची जमीन, आणि जमिनीच्या कडेवर ॲल्युमिनियमची पन्हळ ठेवून तिच्यात वरचं कवच बसवलेलं. बोल्ट पन्हळीतून, प्लायवूडमधून, थेट चासीत जातात. मागच्या बाजूच्या सांध्यातून पाणी शिरलं की प्लायवूडची कड कुजते, बोल्टला धरायला काही उरत नाही, आणि कवच चासीपासून सुटतं. तपासायची रीत सोपी आहे. मागच्या बंपरवर उभं राहून हलकेच हेलकावे द्यायचे. चासी खाली जाते आणि कवच जागेवरच राहतं, असं दिसलं तर समजायचं की जमीन गेलेली आहे. १९७० च्या दशकातल्या लांब ट्रेलरांत हे फार आढळतं. भरीला भर म्हणजे ओलावा असेल तिथे पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजत जातं, त्यामुळे पोटाखालचा पत्राही पांढरी भुकटी होऊन गळतो. भिंतीतल्या काचलोकरीत उंदरांनी घरं केली असतील तर त्यांच्या मुतानेही पत्र्याला भोकं पडतात. १९६१ पासून एअरस्ट्रीमला असलेल्या ॲक्सलमध्ये स्प्रिंगऐवजी रबराच्या कांड्या असतात. त्या काही दशकांत कडक होतात आणि ट्रेलर बसका दिसू लागतो. त्या बदलता येत नाहीत, ॲक्सलच नवा घालावा लागतो.

बायम स्वतः दुरुस्तीपासून कधी दूर गेला नाही. १९५९ मध्ये ट्रेलरांचा तांडा घेऊन तो केपटाउनहून कैरोला निघाला, तेव्हा इथिओपियाच्या रस्त्यांनी ॲक्सल आणि स्प्रिंगा मोडल्या आणि वाटेतच त्या जोडल्या गेल्या. १९६२ मध्ये त्याचं निधन झालं. त्यानंतर १९६३-६४ मध्ये असाच एक तांडा सिंगापूरहून निघून भारतातून पुढे युरोपापर्यंत गेला. ते चकाकते ट्रेलर आपल्या रस्त्यांवरूनही धावले आहेत.

एअरस्ट्रीमचा दिमाख मोठा असला तरी सामान्य कुटुंबाचा ट्रेलर वेगळाच होता. त्याच्याकडे वळायला मला जास्त आवडतं. युद्धानंतर शास्ता, सेरो स्कॉटी आणि अशाच लहान-मोठ्या कंपन्यांनी जे बनवलं, त्याला बाजूने पाहिलेल्या आकारावरून लोक ‘कॅन्ड हॅम’ म्हणतात. शास्ता सुरू झाली १९४१ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये, सैनिकांच्या राहण्याची सोय करण्यासाठी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या ट्रेलरना मागे पत्र्याचे पंख आले आणि तेच तिचं चिन्ह झालं. या ट्रेलरचा सांगाडा साध्या बारीक लाकडी पट्ट्यांचा. आतून बर्च प्लायवूड, बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये काचलोकर. छपराला पत्र्याचे जोड, खिडक्यांना भोवती पुट्टी, आणि पाणी बाहेर ठेवण्याची सगळी भिस्त त्या पुट्टीवर.

हे ट्रेलर आतून बाहेर बांधले जात. आधी चासीवर जमीन, मग तिच्यावर कपाटं आणि पलंगांच्या पेट्या, मग बाजूच्या भिंती. आणि कपाटं पक्की करायचे स्क्रू भिंतीच्या बाहेरून आत मारलेले. त्यानंतर वायरी, काचलोकर, आणि सर्वांत शेवटी बाहेरचा पत्रा. कारखान्यात हे झटपट होतं, कारण माणसं चारी बाजूंनी उभी राहू शकतात. पण एकदा पत्रा चढला की स्क्रूंची डोकी त्याच्याखाली गडप होतात. दुरुस्त करणारा आतून कपाट सोडवायला जातो आणि त्याला स्क्रूच सापडत नाही. मग कळतं की ज्या क्रमाने बांधलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने उघडायचं आहे. पत्रा आधी, कपाट शेवटी. मी जेव्हा असा पत्रा उतरवला तेव्हा मागच्या लाकडावर कारखान्यातल्या कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेली मापं तशीच दिसली. ज्या माणसाने ती लिहिली त्याच्यानंतर ती वाचणारा बहुधा मीच पहिला होतो. दुरुस्तीतला माझ्या मते सर्वांत आनंदाचा क्षण हा आहे, पॉलिश केलेला पत्रा नव्हे.

कुजलेलं लाकूड काढताना घाई करून चालत नाही. ते कितीही खराब झालेलं असो, तोच नव्या तुकड्याचा नमुना असतो. जमिनीवर मोठा कागद अंथरून त्यावर जुन्या पट्ट्या मांडायच्या, भुगा झालेल्या जागी अंदाजाने वळण पुरं करायचं, दोन्ही बाजू ताडून पाहायच्या. एक बाजू जास्त शाबूत असते, कारण ट्रेलर वर्षानुवर्षं एकाच बाजूला कलून उभा असतो आणि पाणी त्याच बाजूला उतरतं. म्हणून शाबूत बाजूवरून दुसरी बाजू काढता येते. स्क्रूसुद्धा काळ सांगतात. १९४०-५० च्या दशकांतल्या कित्येक ट्रेलरांत फुलपाखरासारख्या खाचेचे स्क्रू निघतात. त्यांना वेगळं टोक लागतं, ते आज हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही. तसेच स्क्रू सगळीकडे असतील तर ती भिंत आधी कुणी उघडलेली नाही. मध्येच चौफुलीचे नवे स्क्रू दिसले तर समजायचं की इथे कुणीतरी आधी येऊन गेलंय.

बहुतेक वेळा आलेलाच असतो. आणि त्याने पाण्याची वाट बंद करण्यासाठी सिलिकॉन फासलेलं असतं. ट्रेलरच्या दुरुस्तीत सिलिकॉनइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या वस्तूने केलेलं मला माहीत नाही. ते पत्र्यावरून काही वर्षांत सुटतं, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर पुढचं कुठलंच सील, कुठलाच रंग नीट धरत नाही. शिवाय ते बाहेरून फासलेलं असतं, आणि पाणी तर पत्र्याच्या मागून चाललेलं असतं. योग्य रीत जुन्या बांधणीतच दिलेली आहे: खिडकी काढायची, पट्टी काढायची, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करायचे, मध्ये ब्युटाइलची मऊ फीत ठेवायची आणि स्क्रू आवळून ती दाबायची. वर्षानुवर्षं मऊ राहणारी ही फीत पत्र्याच्या आकुंचन-प्रसरणाबरोबर हलते.

कोकणात पावसाळ्याआधी दरवर्षी घर शाकारतात. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा बसवायची. त्याला कुणी घर बिघडलं असं म्हणत नाही. कौलारू घर असंच असतं. जोडांवर उभ्या असलेल्या ट्रेलरचंही तसंच आहे, आणि ज्यांनी तो घरी बांधला त्या पहिल्या लोकांना हे ठाऊक होतं. कारखान्याने ट्रेलर विकताना ते सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला वाटलं की मोटारीसारखी ही तयार वस्तू आहे, घेतली आणि वापरली. त्या समजुतीनेच हजारो ट्रेलर कुजले.

यातून सुटण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न कॅनडात झाला. विनिपेगच्या रे ओलेको यांना फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्यांच्या कामाचा अनुभव होता. टाकीत पाणी टिकतं, तर उलट बाजूने तेच बाहेर का राहणार नाही, असा साधा विचार. १९६८ मध्ये त्यांनी आणि सँडर डूसा यांनी ‘बोलर’ हा तेरा फुटी ट्रेलर आणला. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन साचे, मध्यावर एकच जोड, लाकडी सांगाडा नाही. यातूनच पुढे अमेरिकेत स्कॅम्प, कसिटा यांसारखे ट्रेलर आले. गळतीच्या इतिहासात इतकं मूलगामी उत्तर दुसरं नाही, आणि पन्नास वर्षांनंतरही रस्त्यावर दिसणारे बोलर त्याची साक्ष देतात. तरी पाणी तिथेही वाट काढतं. आतली कपाटं धरणारे रिव्हेट कवचातून आरपार गेलेले असतात, त्यांच्यावरची प्लास्टिकची टोपणं उन्हाने तडकतात. खिडक्या आणि छपरातली हवेची झडप तर आहेतच. पण ही दुरुस्ती एका सुट्टीत होते, कवच सुटं करावं लागत नाही.

उरलेला उद्योग मात्र उलट्या दिशेला गेला. फायबरग्लासचा पातळ तक्ता, त्यामागे हलकं प्लायवूड, मध्ये फेस, सगळं गोंदाने एकत्र दाबलेलं: अशा भिंती हलक्या आणि झटपट बनतात. त्यांच्यात पाणी शिरलं की थर सुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. पट्टी काढून एक लाकूड बदलायची सोय तिथे नाही. अख्खा तक्ताच बदलावा लागतो. म्हणून माझं मत असं की १९५५ चा कुजका शास्ता हा २००५ च्या फुगलेल्या ट्रेलरपेक्षा जास्त दुरुस्त होण्यासारखा आहे. जी वस्तू हातांनी स्क्रू लावून जोडली गेली ती हातांनी सोडवता येते.

‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना काळाच्या ओघात विझली होती. १९९८ मध्ये जुन्या ट्रेलरच्या हौशी लोकांनी ती पुन्हा उभी केली. जी संघटना घरच्या ट्रेलरवाल्यांसाठी जन्मली, तिच्याच नावाखाली जुने ट्रेलर स्वतः उभे करणारे लोक पुन्हा जमू लागले. १९३० च्या दशकातल्या शेकडो कंपन्यांपैकी जवळजवळ सगळ्या बुडाल्या, त्यांचे सुटे भाग नाहीत, पुस्तिका नाहीत. म्हणून खिडकीचा खटका कसा ओतायचा, दाराचं वळण कसं काढायचं, हे या लोकांनी एकमेकांना शिकवलं.

नूतनीकरणाबद्दल मात्र एक स्पष्टच बोलतो. जुना ट्रेलर घेऊन त्यातलं बर्च प्लायवूड पांढऱ्या रंगाने झाकायचं, दगडी ओटा बसवायचा, जाड लाकडाची जमीन घालायची, ही रीत सध्या जोरात आहे. राहायला सोयीचा करून घेण्यात काही वाईट नाही. मीही नव्या वायरी आणि नवे दिवे घालतोच. पण प्रत्येक किलो वजन त्या जुन्या ॲक्सलवर पडतं. आणि ते कुठे पडतं यालाही महत्त्व आहे: एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के भार जोडणीच्या दांड्यावर हवा, मागे जड ओटा टाकून तो कमी झाला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो आणि मोटारीलाही ओढून नेतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला सँडरने घासणंही मला बघवत नाही. जुन्या एअरस्ट्रीमच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तोच पत्र्याचं रक्षण करतो. घासून तो गेला की परत येत नाही.

उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाला असा ट्रेलर घ्यावासा वाटला, तर रंग, पडदे, पंख यांकडे आधी पाहू नका. सोबत टॉर्च आणि एक टोच्या न्या. कपाटांच्या आतल्या कोपऱ्यांत, पलंगाखाली, खिडक्यांच्या खालच्या कडेला टोच्या दाबून पाहा. लाकूड दाद देत असेल तर भिंत उघडायची तयारी ठेवा. गॅसची नळी आणि ब्रेक यांचं काम जाणकाराकडून तपासून घ्या, बाकी जवळजवळ सगळं तुम्हाला शिकता येईल. टायर वरून कितीही चांगले दिसले तरी त्यांवरची उत्पादनाची तारीख वाचा आणि जुने असतील तर बदला. दरवर्षी शिडी लावून छपराचे सांधे तपासा. आणि विकणारा कोरड्या, उन्हाच्या दिवशी बोलवत असेल तर त्याला सांगा की मी जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी येतो.